कानावर घालून ठेवलेलं बरं

मागच्या महिन्यात आमच्या कंपनीत सॉफ्ट स्किलचं ट्रेनिंग झालं. पुण्याहून एक सर आले होते, चकचकीत बूट, कॉलरला माइक, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच त्यांनी सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाटली की तुमचं सगळ्यात स्ट्रॉन्ग सॉफ्ट स्किल कोणतं ते लिहा. शेजारच्या डिस्पॅचवाल्यानं 'टीमवर्क' लिहिलं, त्याच्या शेजारच्यानं त्याचं बघून 'टीमवर्क' लिहिलं, मी आपली पेन चावत बसले आणि शेवटी लिहिलं 'कानावर घालणं'. सरांनी चिठ्ठी वाचली, हसले आणि बोर्डवर 'लिसनिंग'च्या पुढं एक टिक मारली. कान दिसला ना, मग लिसनिंगच. मी हात वर करून सांगणार होते की सर, यातला कान माझा नाही, समोरच्याचा आहे, पण तेवढ्यात समोसे आले आणि विषय संपला.

तर ते राहिलेलं इथं लिहिते.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मिरजेच्या पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि २०१६ ला इथं लागले. क्वालिटीचं काम म्हणजे काय, तर दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक शोधायची आणि ती लिहून ठेवायची, त्याबद्दल महिन्याला पगार घ्यायचा, आणि वर त्याच माणसाशेजारी बसून डबा खायचा. हे जमवायला माणूस कसा पाहिजे ते कॉलेजात कुणी शिकवत नाही. प्रॉडक्शनवाल्यांना आम्ही म्हणजे सुनेच्या स्वयंपाकात मीठ चाखत फिरणाऱ्या सासवा, आणि आम्हाला ते म्हणजे 'चालतंय की मॅडम' म्हणत काहीही पुढं ढकलणारे लोक. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, ते सोडा.

२०१७ चा एप्रिल. नवीन पार्ट आला होता, ४० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, म्हणजे पोलादी गोल दांडा, आणि टॉलरन्स फक्त १६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे ४० च्या वर अजिबात जायचं नाही आणि खाली ३९.९८४ पर्यंतच. आपला एक केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. आधीच्या पार्टला ५० मायक्रॉनची मोकळीक होती त्यामुळं सगळं सुखानं चाललेलं. सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग तात्या करायचे. तात्या म्हणजे कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासूनचा माणूस, मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजलाय का नाही ते सांगणारा. भिलवडीहून रोज मोटरसायकलवर यायचे, पहिली पाळी, सातच्या आधी पाच मिनिटं गेटवर.

त्या दिवशी अकरा वाजता मी ट्रे चेक केला आणि ६३ पीस मायनस, म्हणजे मापापेक्षा बारीक, सापडले. दोन मायक्रॉननं. आता शाफ्टचं असं असतं की प्लस असला तर परत मशीनला लावून तेवढं काढून घेता येतं, मायनस गेला की गेला, धातू काही परत चिकटवता येत नाही, सरळ भंगार. ६३ पीस. मी वर्षभराची नवी, अंगात कर्तव्य संचारलेलं. ट्रेला लाल टॅग लावला, टेबलावर बसले, रिजेक्शनचा रिपोर्ट भरला, कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर व सेटर यांचा निष्काळजीपणा' असं छान अक्षरात लिहिलं आणि मॅनेजरना मेल केला, वरच्या साहेबांना कॉपीत ठेवून. तात्यांचं मशीन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं. वीस. नंतर मी मोजलीयत.

तात्यांना हे कळलं ते मॅनेजरच्या तोंडून, भर शॉपमध्ये, हेल्पर पोरांच्या देखत, "काय तात्या, सकाळी सकाळी ६३ पीस भंगारात घातले की!" तात्या काही बोलले नाहीत. कापसाच्या वेस्टनं हात पुसले आणि माझ्या टेबलाकडं एकदा बघितलं, तेही रागानं नाही, एखादं अनोळखी पार्सल बघावं तसं.

त्यानंतर तीन-चार महिने मला जे भोगावं लागलं त्याला नाव देता येणार नाही कारण कुणीच काही वाईट वागलं नाही. सगळे नियमानं वागले. सेटिंगनंतरचा पहिला पीस माझ्याकडं अप्रूव्हलला यायचा तो बरोब्बर एक वाजता, मी डबा उघडल्यावर. "मॅडम, पीस ठेवलाय, मशीन थांबलंय." नखाएवढा बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा काटा, दिसला तरी बोलवायचे, "मॅडम, हे चालंल का? नाय म्हटलं विचारावं." दिवसात चाळीस वेळा. चहाला सगळे टपरीवर उभे असायचे, मी गेले की गप्पा थांबायच्या आणि एकजण भडंगाचा कागद पुढं करायचा, "घ्या मॅडम." भडंग होता, कांदा होता, वर लिंबूही पिळलेलं असायचं, पण ते 'मॅडम' असं यायचं की घास घशात अडकायचा. मी घरी येऊन आईला म्हणायचे, माझं काय चुकलं, पीस मायनस होते ते मी मायनस लिहिले. आई म्हणायची, मला तुमचं मायनस-प्लस कळत नाही पण तू जेवण कमी केलंयस.

मग मी यूट्यूबवर बघितलं. सहकाऱ्यांशी संबंध सुधारण्याचे अमुक मार्ग. त्यात ते सँडविच असतं ना, आधी कौतुक, मधे चूक, वरनं परत कौतुक. दुसऱ्या दिवशी तयारीनं गेले. "तात्या, तुमचं सेटिंग म्हणजे एकदम भारी असतं, सगळ्यांनी शिकण्यासारखं..." तात्यांनी मान वर न करता विचारलं, "किती पीस गेलं तेवढं सांगा." झालं. पाव पावाच्या जागी राहिला आणि भाजी भाजीच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते या सांगलीत, इथल्या माणसाला समोरचा नाटक करायलाय हे पहिल्या वाक्याला कळतं. असं आपलं माझं मत.

शेवटी बोलले ते स्टोअरचे मामा. मामा मिरजेचे, सतारमेकरांच्या गल्लीतले, स्वतः वाद्यं बनवत नव्हते पण सांगायचे की सतारीच्या ज्या घोडीवर तारा टेकतात तिच्यावर जवारी, म्हणजे सुराची गुंज, काढताना कानस एक हात जास्त फिरली की ती घोडी वाया, म्हणून जुने लोक घासण्यापेक्षा ऐकण्यात जास्त वेळ घालवतात. मी इन्सर्टचं रजिस्टर बघायला गेले होते. मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "लई लागलंय तात्याला." मी लगेच सुरू झाले, मामा पण नियम आहे, लिहायलाच पाहिजे, कस्टमरकडं गेले असते तर. मामा म्हणाले, "लिव्हायचं न्हाई असं कोण म्हणतंय? लिव्हायचंच. पर आधी कानावर घालायचं हुतं की. माणसाला सांभाळून घ्यायला दोन मिनिटं मिळत्यात."

कानावर घालणं. घरात हा शब्द आपण रोज वापरतो. मुलीला स्थळ आलं की चुलत्यांच्या कानावर घालतो, बांधावरचं झाड तोडायचं तर शेजाऱ्याच्या कानावर घालतो. परवानगी मागत नाही, माफी मागत नाही, सल्लाही मागत नाही. नुसतं असं की हे होणार आहे, तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको. आणि हेच तिसऱ्याला जाऊन सांगितलं की त्याला म्हणतात कान भरणं. मी मेल करून जे केलं ते नियमात बसणारं कान भरणंच होतं, फक्त विषयाच्या ओळीत पार्ट नंबर होता.

संधी आली त्याच आठवड्यात. परत तोच शाफ्ट, परत मायनस, पाच पीस. यावेळी मी रिपोर्टचं पॅड टेबलावर ठेवलं आणि ती वीस पावलं गेले. तात्या एकटे असायची वाट बघितली, हेल्पर कूलंट, म्हणजे कापताना मशीनवर सोडायचं गार पाणी, आणायला गेला तसं म्हणाले, "तात्या, अजून काही लिहिलेलं नाही. तुमच्या कानावर घालते, शेवटचे पाच पीस मला मायनस दिसायलेत." पाय लटलटत होते, खोटं कशाला सांगू. तात्यांनी मशीनमधनं नुकताच निघालेला पीस उचलला, आपला मायक्रोमीटर लावला आणि माझ्यापुढं धरला. ३९.९९१. जवळजवळ मधोमध. "माझ्याकडं तर हाय की मापात." मी म्हटलं माझ्याकडं नाही. "मग तुमचं आणा."

माझा आणला. त्याच पीसवर माझाही ३९.९९१. म्हणजे मगाशी मी काय मोजलं होतं? मला घाम फुटला. तेवढ्यात चहा आला, पीस सरफेस प्लेटवर राहिला, आम्ही दोघं न बोलता चहा प्यालो, आणि परत आल्यावर तात्यांनी सहज म्हणून मायक्रोमीटर लावला. ३९.९८२.

पोलाद तापलं की वाढतं हे मी पहिल्या वर्षाला पाठ केलेलं, एक मीटरला एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. आमच्या ४० मिलिमीटरच्या शाफ्टला वीस अंशांच्या फरकात होतात नऊ. पत्र्याखालचं शॉप, कूलंटसुद्धा कोमट, पीस मशीनमधनं निघायचा तो हाताला चटका बसेल असा, आणि मी मोजायची एसीच्या खोलीत तासाभरानं. तात्यांना गरम पीस वरच्या लिमिटच्या पुढं दिसायचा, ते शहाणपणानं मशीनला दहा मायक्रॉन कमीचा ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, द्यायचे, त्यांच्या हातात तो मधोमध यायचा आणि थंड झाला की मायनस. मोकळीक ५० ची होती तोवर हे नऊ मायक्रॉन पोटात खपून जायचे. सोळामध्ये कुठनं खपणार? दोघांचीही मापं खरी. जगभर मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश धरतात ते याच भानगडीमुळं, आणि हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळाले होते. आणि मी कारणाच्या रकान्यात काय लिहिलं? निष्काळजीपणा.

तात्या पीसकडं बघत राहिले. "ह्ये गरम हुतं व्हय," एवढंच. मी म्हटलं, तात्या, ते निष्काळजीपणा लिहिलेलं माझं चुकलं, मी रिपोर्ट बदलून घेते. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या. मी राहू दिलं नाही, बदलला, मॅनेजरना परत मेल केला, आणि पाठवायच्या आधी तात्यांना मोबाईलवर दाखवला. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे की पीस प्लेटवर दहा मिनिटं ठेवायचा आणि मगच मोजायचा. कस्टमर ऑडिटला येतात तेव्हा ते बघून खूश होतात. आधी दोन माणसं एका पीससमोर उभी राहून एकमेकाला खोटं पाडायला निघाली होती हे कुठं लिहिलेलं नाही.

आता इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण मी पुढं माती खाल्ली. कानावर घालायची इतकी चटक लागली की लिहायचंच बंद झालं. दिसलं की जायचं, सांगायचं, तात्या ऑफसेट मारायचे, हसायचो, पुढं. पहिल्यांदा लोक मला बघून गप्प बसेनात, डब्यातला ठेचा माझ्या बाजूला सरकायला लागला, कुणाच्या बायकोचं बाळंतपण कधी आहे हे मला माहीत असायचं, आणि मला ते हातचं घालवायचं नव्हतं. याला कानाडोळा म्हणतात. २०१८ च्या दिवाळीआधी एका ड्रिलिंगच्या ऑपरेटरचं भोक सरकायला लागलं, मी तीनदा तोंडी सांगितलं, तीनदा 'व्हय मॅडम' झालं, रेकॉर्डला काहीच नाही, आणि चौथ्यांदा तो लॉट कस्टमरकडं जाऊन परत आला. पुण्यापर्यंत जायचं-यायचं भाडं, शंभर टक्के सॉर्टिंग, दिवाळीच्या तोंडावर चार माणसांची सुट्टी गेली. मला वाटलं होतं तात्या तरी बाजू घेतील. तात्यांनी मला पार्किंगमधे गाठून झापलं. "आमाला सांगायचं आन् लिव्हायचंबी. निसतं सांगितलंसा तर त्यो म्हणणार ताई आपल्याच हायत." त्या झापण्यात मी मॅडमची ताई झालेय हे मला रात्री भाकरी खाताना लक्षात आलं.

मग कानाला खडा. आता माझी रीत अशी की आधी माणसाकडं जायचं, एकटा असताना, आकडा घेऊन, विशेषण न घेता. 'तुम्ही नेहमीच' हा शब्द तोंडात आला की गिळायचा. आणि सांगतानाच म्हणायचं की हे मी लिहिणार आहे. बहुतेक लोक म्हणतात, लिहा की. एखादा चिडतो, चिडू दे, त्याला चिडायला दोन मिनिटं मिळाली एवढंच, साहेबांपुढं उभं राहायच्या आधी त्याचा चेहरा जागेवर आलेला असतो. दर वेळी जमतं असं नाही. पाळी संपताना सापडलं आणि माणूस गेटबाहेर गेला असला तर फोन करते, फोन लागला नाही तर लिहून टाकते आणि सकाळी सातला जाऊन सांगते की फोन केला होता.

हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपनं याची वाट लावलीय. रिजेक्ट पीसचा फोटो रात्री अकराला ग्रुपवर पडतो, खाली तीन बोटं दाखवणारे इमोजी, वर साहेबांचं 'व्हाय?'. ज्याचा पीस आहे तो झोपलेला, सकाळी उठतो तर बायकोच्या आधी साठ जणांनी त्याची चूक बघितलेली. सगळं पारदर्शक म्हणे. मी तो ग्रुप म्यूट केलाय, सोडला नाही, सोडला की परत 'मॅडम'.

आमच्या सांगलीत पावसाळ्यात दोन आकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. मधल्या पाच फुटांत लोक गाड्या वर नेतात, धान्याची पोती माळ्यावर चढवतात, म्हाताऱ्यांना विश्रामबागेकडं पाव्हण्यांत सोडतात. आमचं घर मारुती चौकाच्या मागं, म्हणजे पाणी येणार का हा प्रश्न नसतो, कधी एवढाच असतो. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कंपनी चालू होती, कोयनेतनं सोडलेलं पाणी आणि वरचा पाऊस दोन्ही एकदम, आणि मी टीव्हीवरचे आकडे बघत बसलेले. सकाळी तात्यांचा फोन आला. भिलवडी कृष्णेवरच, पण आमच्या वरच्या अंगाला, तिथं चढलेलं पाणी काही तासांनी सांगलीत येतं. "ताई, ह्यंदा येगळं हाय. पाच सालच्या खुणंवर जाऊ नका. माळ्यावरबी ठेवू नका, दुसऱ्या मजल्यावर न्या." आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ आहे, बाबांनी पेन्सिलनं मारलेली, आणि आख्ख्या गल्लीचा हिशोब त्या रेघेवर चालायचा. रेघेच्या वर हातभर म्हणजे सेफ. मी आईला सांगितलं, आईनं आधी वाद घातला, मग वरच्या भाडेकरूंच्या खोलीत शिलाई मशीन, कागदपत्रं, बाबांचा फोटो, फ्रिज सोडून होतं नव्हतं ते नेलं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्या वर्षी. माळा बुडाला. रेघ तर पाण्याखाली किती होती कुणास ठाऊक.

तात्यांचं स्वतःचं घर त्यात गेलं, एक भिंत आणि दोन म्हशी. ते मला त्यांनी सांगितलं नाही, मामांकडून कळलं, पंधरा दिवसांनी. मी भांडायला गेले की तात्या, तुम्ही मला नाही होय सांगितलंत, तर म्हणाले, "तुमी काय म्हस हुडकायला येणार हुतासा?"

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, प्रोग्रॅमिंग फटाफट करतो, कानात सतत ते बिनवायरचं बोंडूक. त्याच्या कानावर काही घालायचं तर आधी ते काढायला सांगावं लागतं.

या जुलैत एका सकाळी साडेसहाला, गाडीला किक मारायलाच होते, तात्यांचा फोन.

"ताई, आमच्याकडं रात्रीपासनं चढायलंय. अजून भ्यायचं कारण न्हाई. पर गाडी आज घराम्होरं लावू नका."

बरं म्हटलं. तब्येत विचारली, काकींची विचारली. ठेवतील असं वाटलं तर म्हणाले,

"आन् ते नवीन पोरगं? गरम पीस मोजत न्हाई न्हवं?"

"मोजतंय की तात्या अजून."

"मग सांगितलासा का?"

"आज सांगते. सातला. एकटा असतोय तेव्हा."